सायकियाट्रिक नर्सिंगचा पेपर: लायसन्सच्या परीक्षेत ‘आधी काय’ हे कसं ओळखायचं

ठाणे आणि नवी मुंबईतल्या अनेक नर्सिंग कॉलेजांच्या मुलामुलींचं सायकियाट्रीचं पोस्टिंग ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात होतं. केस स्टडीच्या फाइलवर सही होते, फाइल कपाटात जाते आणि विषयही तिथेच पडून राहतो. पुढे एनक्लेक्सचा (अमेरिका-कॅनडातल्या लायसन्सची परीक्षा) किंवा आखाती देशांसाठी प्रोमेट्रिक कंपनीच्या केंद्रांवर होणाऱ्या परीक्षेचा अभ्यास सुरू केला की लक्षात येतं, आजारांची लक्षणं पाठ आहेत, पण प्रश्न दुसरंच काहीतरी विचारतोय. समोर चार पर्याय असतात, चारही बरे वाटतात आणि खाली विचारलेलं असतं: नर्सने सर्वात आधी काय करावं?

हा लेख त्या ‘आधी’साठी आहे. पाठांतराचा भाग यात आहे, पण जिथे खरोखर गरज आहे तिथेच.

१. परीक्षा कोणती ते पक्कं करा, मग पुस्तक उघडा

एनक्लेक्स-आरएन अमेरिका आणि कॅनडासाठी आहे. कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास, तुमच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न बदलतो आणि मागे जाता येत नाही. एप्रिल २०२३ पासून त्यात केस स्टडी आल्या आहेत. एका पेशंटची माहिती टप्प्याटप्प्याने उघडत जाते आणि त्यावर सहा प्रश्न येतात. ‘सायकोसोशल इंटेग्रिटी’ या भागाला ६ ते १२ टक्के वजन आहे. एवढ्याच टक्क्यांकडे बघून अनेकजण हा विषय शेवटच्या आठवड्यावर ढकलतात, आणि तिथेच गणित चुकतं. लिथियम या बायपोलर आजारावरच्या औषधाचा प्रश्न औषधांच्या भागात मोजला जातो, रिस्ट्रेंटचा (पेशंटला बांधून ठेवण्याचा) सेफ्टीत, ‘चारपैकी कोणाकडे आधी जाल’ हा मॅनेजमेंटमध्ये. सायकियाट्री पेपरभर विखुरलेली असते.

प्रोमेट्रिकवर होणाऱ्या आखाती परीक्षांमध्ये सरळ बहुपर्यायी प्रश्न असतात. इंग्लंडला जायचं असेल तर संगणकावरची परीक्षा आणि नंतर प्रात्यक्षिक असे दोन टप्पे आहेत. तिथे मेंटल हेल्थ नर्सिंग ही नोंदणीची स्वतंत्र शाखा आहे, त्यामुळे अर्ज अ‍ॅडल्टमध्ये करताय की मेंटल हेल्थमध्ये, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं असावं.

आपल्याकडच्या स्टाफ नर्स भरतीच्या परीक्षा वेगळ्या वळणाच्या. तिथे व्याख्या, कायद्यातली कलमं, ‘अमुक औषधाचा अँटिडोट (उतारा) कोणता’ असे एका ओळीचे प्रश्न जास्त. दोन्ही परीक्षा द्यायच्या असतील तर दोन वह्या करा. एकाच वहीत दोन्ही कोंबलं की दोन्हीकडे अर्धवट होतं.

२. काय जवळ हवं

- कॉलेजचं सायकियाट्रीचं एक पुस्तक. तीन नकोत.
- उत्तरांमागची कारणं देणारी एक प्रश्नपेढी. नुसतं ‘बरोबर उत्तर क’ देणारी फुकटची पीडीएफ टाळा. त्यातली कित्येक उत्तरं चुकीची असतात.
- मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ची प्रत. सरकारी संकेतस्थळावर मिळते.
- पोस्टिंगमधली स्वतःची प्रोसेस रेकॉर्डिंगची (पेशंटशी झालेल्या संवादाच्या नोंदींची) फाइल. ती टाकून देऊ नका, चौथ्या पायरीला लागेल.
- चुकांची वही. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे एकच कारण लिहायचं: माहिती नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, क्रम चुकला, की बोलणं चुकलं. पहिल्या शंभर प्रश्नांनंतर ही वही उघडा. माहितीच्या चुका कमी आणि क्रमाच्या जास्त निघाल्या तर आणखी वाचन करून गुण वाढणार नाहीत.

३. क्रम: जीव, शरीर, भावना, शिकवण

प्रत्येक प्रश्नाला याच क्रमाने चार गोष्टी विचारा.

पहिली, आत्ता कोणाच्या जिवाला धोका आहे का? यात पेशंट स्वतः, बाकीचे पेशंट आणि स्टाफ सगळे आले. असेल तर उत्तर सुरक्षिततेचं.

दुसरी, हे शरीराचं दुखणं तर नाही? सत्तरीच्या आजी काल रात्रीपासून अचानक बरळतायत, अंगावरचे कपडे ओढतायत. हा डिमेन्शिया (हळूहळू वाढणारा विसर) नव्हे, डिलिरियम असण्याची शक्यता जास्त. डिलिरियम अचानक येतो, दिवसभरात कमी-जास्त होतो आणि कारण सापडलं तर सहसा बरा होतो. ऑक्सिजन, साखर, लघवीचं इन्फेक्शन, नवीन सुरू झालेलं औषध, हे आधी तपासायचं. सायकियाट्रीच्या प्रश्नात शारीरिक कारण दडवणं ही प्रश्न काढणाऱ्यांची आवडती खोड आहे.

तिसरी, पेशंटला काय वाटतंय ते कोणी ऐकून घेतलं का? शिकवणं, समजावणं, गोळ्यांचे फायदे सांगणं हे सगळं चौथ्या क्रमांकावर. तीव्र अँग्झायटी किंवा पॅनिकमध्ये तर शिकवायचंच नाही, कारण त्या क्षणी डोक्यात काही शिरत नाही. जवळ थांबायचं, छोटी वाक्यं बोलायची, आवाज आणि गर्दी कमी करायची. शिकवण्याची वेळ अँग्झायटी सौम्य किंवा मध्यम असताना.

याच्या जोडीला नर्सिंग प्रोसेसचा नियम: माहिती अपुरी असेल तर आधी असेसमेंट, मग कृती. पण प्रश्नातच धोका स्पष्ट दिलेला असेल तर पुन्हा असेसमेंट निवडू नका. पेशंट खुर्ची उचलून दुसऱ्याच्या अंगावर धावतोय आणि तुम्ही ‘रागाचं कारण विचारा’ हा पर्याय निवडलात तर तो चुकणारच. आणि ‘डॉक्टरांना कळवा’ हा पर्याय दिसला की हात तिकडे जातो, कारण वॉर्डात आपण तेच करत आलो. आधी स्वतः करण्यासारखं काही उरलंय का ते बघा: डोस थांबवणं, ऑक्सिजन लावणं, पेशंटजवळ थांबणं. ते झालं की कळवा.

एक सरावाचा प्रश्न. सकाळच्या ड्युटीला चार पेशंट आहेत: लिथियमची पातळी ०.९ असलेला आणि हात किंचित थरथरणारा. क्लोझापिन या अँटिसायकॉटिकवर (भास-संशयावरच्या औषधावर) असलेला, घसा दुखतोय आणि ताप आहे. मॅनियाचा (अतिउत्साहाच्या अवस्थेतला), हॉलमध्ये जोरजोराने गाणी म्हणणारा. हॅलोपेरिडॉल या दुसऱ्या अँटिसायकॉटिकवर असलेला, ताप १०४, अंग लाकडासारखं ताठ, घामाने भिजलेला, नीट उत्तरं न देणारा. आधी चौथा. ते न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम आहे, अँटिसायकॉटिकची गंभीर प्रतिक्रिया, आणि त्यात जीव जाऊ शकतो. त्यानंतर क्लोझापिनवाला, कारण त्या औषधाने पांढऱ्या पेशी उतरलेल्या असू शकतात. गाणं म्हणणारा लक्ष वेधून घेतो म्हणून आपण आधी त्याच्याकडे वळतो. पण तो कोणाला इजा करतोय असं प्रश्नात कुठेही लिहिलेलं नाही. प्रश्नात नसलेलं स्वतःच्या मनाने भरू नका.

४. बोलणं: आपल्या वॉर्डातली चांगली सवय इथे गुण घालवते

सर्वात जास्त गुण इथे जातात, म्हणून इथे जास्त वेळ द्या.

आपण पेशंटला धीर देतो. ‘काही होत नाही काका, सगळं ठीक होईल.’ घरी, दारी, कॅज्युअल्टीत हेच शिकलेलो. परीक्षेत हे खोटं आश्वासन ठरतं, कारण ठीक होईलच याची खात्री नर्सकडे नाही आणि त्या एका वाक्याने पेशंटचं बोलणं तिथेच थांबतं. पर्यायात ‘काळजी करू नका’ दिसलं की तो पर्याय जवळजवळ नेहमीच खोडायचा.

खोडायचे बाकीचे पर्याय:

- ‘असं का केलंत?’ का विचारलं की माणूस सफाई देऊ लागतो. ‘काय झालं ते सांगता?’ हे चालतं.
- ‘तुमच्या जागी मी असते तर…’ सल्ला आणि स्वतःची गोष्ट, दोन्ही एकदम.
- ‘तुमचे डॉक्टर फार चांगले आहेत.’ तक्रार ऐकण्याआधीच बाजू घेणं.
- ‘घरच्यांचा तरी विचार करा.’ आपल्याकडे सर्रास म्हणतात. आधीच अपराधी वाटणाऱ्या माणसावर आणखी ओझं.
- विषय बदलणं. ‘चला, आधी जेवून घ्या.’
- हो किंवा नाही एवढंच उत्तर येईल असा प्रश्न. याला एक मोठा अपवाद आहे, तो पुढच्या पायरीत.

बरोबर पर्यायात बहुधा यातलं काहीतरी असतं: पेशंटचीच भावना त्याच्यासमोर ठेवणं, मोकळा प्रश्न, शांतपणे शेजारी बसणं, खरी माहिती थोडक्यात देणं. डिप्रेशनमधला पेशंट काहीच बोलत नसेल तर ‘मी दहा मिनिटं तुमच्याजवळ बसणार आहे, बोललं नाही तरी चालेल’ हे उत्तम उत्तर. आणि दहा मिनिटं म्हटलं की दहा मिनिटं बसायचं, विश्वास त्यावरच उभा राहतो.

भास होत असतील तर? ‘आवाज म्हणतोय, खिडकीतून उडी मार.’ इथे आधी आवाज काय सांगतोय ते विचारायचं, कारण तो हुकूम देत असेल तर प्रश्न सुरक्षिततेचा होतो. त्यानंतर: ‘मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तुम्ही घाबरलाय हे दिसतंय.’ खोटं ठरवायचं नाही आणि होला हो पण करायचं नाही. ‘शेजारी माझ्या जेवणात विष घालतात’ अशा संशयाशी वाद घालून काही मिळत नाही. त्यामागची भीती ओळखायची आणि खायला सीलबंद पाकिटातलं द्यायचं. अशा पेशंटसमोर दोन सिस्टरांनी कुजबुजायचं नाही, हसायचं नाही, न विचारता अंगाला हात लावायचा नाही.

काका, मावशी, आजी ही हाक आपल्याकडे आदराची. परदेशी परीक्षेत मात्र पेशंटला नावाने, त्याला आवडेल तसं संबोधणं बरोबर धरतात. लाडाची हाक चूक.

नर्स आणि पेशंटच्या नात्याचे टप्पे नर्सिंगच्या सिद्धांतकार हिल्डेगार्ड पेप्लाऊंनी १९५२ साली मांडले. परीक्षेत ते ओरिएंटेशन, वर्किंग आणि टर्मिनेशन असे येतात. सापळा एकच: निरोपाची तयारी कधी सुरू होते? शेवटच्या दिवशी नाही, पहिल्याच भेटीत. ‘मी या वॉर्डात शुक्रवारपर्यंत आहे’ हे सुरुवातीलाच सांगायचं असतं.

आता ती जुनी प्रोसेस रेकॉर्डिंगची फाइल काढा. पेशंटशी झालेल्या संवादातलं स्वतःचं प्रत्येक वाक्य वरच्या यादीशी ताडून बघा आणि शेजारी सुधारून लिहा. प्रश्नपेढीतल्या पन्नास प्रश्नांपेक्षा हे जास्त उपयोगी आहे.

५. आत्महत्येचा प्रश्न: थेट विचारायचं

‘माझ्यावाचून घरचं सगळं नीट चालेल.’ पेशंट असं म्हणाला की बरोबर उत्तर: ‘जीव द्यावा असे विचार मनात येतात का?’ हो-नाहीचा हा प्रश्न इथे चालतो, चालतो म्हणजे हवाच. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. पुढे विचारायचं: कसं करायचं ठरवलंय, साधन हाताशी आहे का, कधी. योजना जितकी नेमकी आणि साधन जितकं जवळ, धोका तितका मोठा. आधीचा प्रयत्न हा सर्वात वजनदार इशारा.

प्रश्नात हमखास येणाऱ्या गोष्टी:

- एकास एक निरीक्षण म्हणजे हाताच्या अंतरावर, बाथरूममध्येसुद्धा. पंधरा मिनिटांनी एकदा डोकावणं म्हणजे एकास एक नव्हे.
- कमी धोक्याच्या पेशंटकडे फेऱ्या मारायच्या तर वेळ ठरलेली नसावी. दर अर्ध्या तासाला घड्याळ लावून गेलात की पेशंटला मधली वेळ कळते.
- ड्युटी बदलण्याची वेळ धोक्याची असते, सगळे हँडओव्हरमध्ये गुंतलेले असतात.
- गोळी दिल्यावर तोंड तपासायचं. गालात धरून साठवतात.
- इतके दिवस खचलेला माणूस आज एकदम शांत, हसरा, वस्तू वाटून टाकतोय. ही सुधारणा समजू नका, निर्णय झालेला असू शकतो.
- अँटिडिप्रेसंट सुरू झाल्यावरचे पहिले काही आठवडे जपायचे. अंगात बळ आधी येतं, मनाचा अंधार नंतर हटतो. पंचवीसच्या आतल्या पेशंटबाबत या औषधांवर खास इशारा छापलेला असतो.

‘कोणाला सांगू नका’ असं पेशंटने म्हटलं तर वचन द्यायचं नाही. टीमला सांगावं लागेल हे तिथल्या तिथे स्पष्ट करायचं.

हा भाग वाचताना स्वतःचंच काही ढवळून निघालं, तर टेली मानस १४४१६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे, चोवीस तास, मराठीतही.

६. औषधं: मोजकी, पण आकड्यांसकट

लिथियम. नेहमीची पातळी ०.६ ते १.२ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर, १.५ च्या वर विषबाधा. रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी घ्यायचं; सकाळची गोळी देऊन मग सॅम्पल घेतलं तर आकडा खोटा. हाताची बारीक थरथर अपेक्षित आहे. मोठी थरथर, उलट्या, जुलाब, झोकांड्या, गोंधळ हे विषबाधेचं. अशा वेळी डोस थांबवा, पातळी मागवा, कळवा.

कारण समजलं की यादी पाठ करावी लागत नाही: मूत्रपिंड सोडियम आणि लिथियम एकाच रीतीने हाताळतं. शरीरात मीठ कमी झालं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि सोबत लिथियमही. म्हणून मे महिन्यात उन्हात राबणारा, जुलाब झालेला, बिनमिठाचे उपास धरणारा किंवा परस्पर आयबुप्रोफेन घेणारा पेशंट धोक्यात. थायझाइड या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही पातळी चढते. ‘मीठ सोडा’ हा सल्ला इथे चूक, रोजचं मीठ कायम ठेवायचं आणि दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी. थायरॉइड आणि किडनीच्या तपासण्या चालू राहतात.

क्लोझापिन. पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात. सुरू करताना न्यूट्रोफिल १५०० किंवा जास्त हवेत. रक्त पहिले सहा महिने दर आठवड्याला, पुढचे सहा महिने पंधरवड्याला, मग महिन्याला. घसा दुखणं आणि ताप ही लक्षणं साध्या सर्दीत टाकायची नाहीत. बद्धकोष्ठाकडेही दुर्लक्ष नको, आतडं बंद पडण्यापर्यंत जातं.

अँटिसायकॉटिकचे स्नायूंवरचे परिणाम. वेळेवरून ओळखा. तास-दिवसांत मान वाकडी, डोळे वर, जीभ ताठ: अक्यूट डिस्टोनिया. घशाचे स्नायू आवळले तर श्वासच अडतो, म्हणून हे तातडीचं. परदेशी पेपरात बेंझट्रोपिन किंवा डायफेनहायड्रामिनचं इंजेक्शन, आपल्या वॉर्डात प्रोमेथाझिन. एका जागी बसवत नाही, सारखी येरझार: अकाथिसिया. हिला बेचैनी समजून आणखी अँटिसायकॉटिक दिलं तर ती वाढते. महिने-वर्षांनी ओठ चाटणं, तोंडाची चाळवाचाळव: टार्डिव्ह डिस्किनेसिया, ती कायमची राहू शकते म्हणून लवकर कळवायची.

न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट की सेरोटोनिन सिंड्रोम (अँटिडिप्रेसंटसारख्या औषधांनी सेरोटोनिन अति वाढणं)? दोन्हीत ताप, घाम, गोंधळ. पहिल्यात स्नायू शिशाच्या नळीसारखे ताठ आणि सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलेलं, चढायला सहसा दिवस लागतात. दुसऱ्यात हातपाय झटके देतात, रिफ्लेक्स तीव्र, जुलाब. बहुतेक वेळा औषध वाढवल्यापासून चोवीस तासांच्या आत. दोन्हीत पहिली कृती एकच: ते औषध थांबवा.

एमएओआय, अँटिडिप्रेसंटचा एक जुना गट. आपल्याकडे आता क्वचितच दिसतात, पण परीक्षेला अजून प्रिय. टायरामिन (मुरवलेल्या-आंबवलेल्या पदार्थांतलं एक द्रव्य) असलेलं खाणं वर्ज्य, नाहीतर बीपी एकदम भडकतं. पाठ्यपुस्तकात जुनं चीज, सोया सॉस, मुरवलेलं मांस असतं. आपल्या ताटातलं लक्षात ठेवायचं तर सुकी-खारवलेली मासळी टाळायची, ताजं पनीर चालतं. यावरून दुसऱ्या अँटिडिप्रेसंटवर जायचं तर मध्ये १४ दिवस; उलट फ्लुओक्सेटिनवरून याच्यावर यायचं तर पाच आठवडे, कारण ते शरीरातून फार हळू जातं.

दारू सुटणं. हा प्रश्न सर्जिकल वॉर्डच्या वेषात येतो. हाड मोडून ऑपरेशन झालेला माणूस तिसऱ्या दिवशी घामाघूम, थरथरतोय, भिंतीवर किडे दिसतायत. विचारायचं: शेवटची दारू कधी घेतली? थरथर ६ ते १२ तासांत, फिट पहिल्या ४८ तासांत, डेलिरियम ट्रेमेन्स ४८ ते ९६ तासांत. लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड, आणि ग्लुकोजच्या आधी थायमिन. दारू आणि बेंझोडायझेपिन अचानक सुटण्याने जीव जाऊ शकतो. अफूजन्य पदार्थ सुटताना हाल प्रचंड होतात, पण धोका तुलनेने कमी. ‘कोणाकडे आधी’ या प्रश्नात हा फरक कामाला येतो. डायसल्फिराम सुरू करण्याआधी १२ तास दारू नको, आणि खोकल्याचं औषध, माउथवॉश यांच्या बाटल्या वाचायला शिकवायचं.

ईसीटी, म्हणजे विजेच्या झटक्यांचा उपचार. ६ ते ८ तास उपाशी, संमती, कवळी काढलेली, नेलपॉलिश पुसलेली. नंतर कुशीवर, श्वास बघायचा, मग कुठे आहात ते सांगायचं. थोडा विसर पडणं अपेक्षित आहे.

७. आजार: नाव कमी, वागणं जास्त

मॅनियातला पेशंट जेवायला बसणार नाही. चालता चालता खाता येईल असं हातात द्या, चपातीचा रोल, लाडू, केळं. शांत खोली, मोजका स्टाफ, कॅरमच्या स्पर्धा नकोत. ओसीडीत (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा होण्याच्या आजारात) सुरुवातीला हात धुण्यापासून अडवायचं नाही, अडवलं की अँग्झायटी उसळते. वेळापत्रकात त्याला जागा द्यायची आणि हळूहळू वेळ कमी करायची. अ‍ॅनोरेक्सियात वजन ठरलेल्या वेळी, जेवणानंतर तासभर नजरेखाली, आणि खाणं पुन्हा सुरू करताना फॉस्फरसवर लक्ष. बुलिमियात पोटॅशियम. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटीचा पेशंट ‘तुम्हीच चांगल्या, रात्रीच्या सिस्टर वाईट’ म्हणाला की खूश व्हायचं नाही; सगळ्या स्टाफने एकच नियम पाळायचा.

डिफेन्स मेकॅनिझम (त्रासापासून वाचायला मन नकळत वापरतं त्या युक्त्या) एका बसण्यात होतात. ठाणे-वाशी ट्रान्स हार्बर लोकलचा एक प्रवास पुरे.

८. कायदा: दोन वह्यांत दोन वेगळी उत्तरं

भारतातला मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ चा, लागू २९ मे २०१८ पासून. भरतीच्या पेपरसाठी: कलम ८६ स्वेच्छेचा प्रवेश, ८७ अल्पवयीन, ८९ आधार लागणाऱ्या पेशंटचा ३० दिवसांपर्यंतचा प्रवेश, ९० त्यापुढचा. कलम ९४ प्रमाणे तातडीचे उपचार ७२ तासांपर्यंत, त्यात ईसीटी बसत नाही. कलम ९५ खाली भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी करता येत नाही; साखळदंडही निषिद्ध. कलम ९७: एकांतकोठडी नाही, बांधणं फक्त तात्काळ इजा टाळण्यासाठी दुसरा उपाय उरला नसेल तेव्हा, शिक्षा म्हणून नाही, स्टाफ कमी आहे म्हणूनही नाही. कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं.

एनक्लेक्सच्या वहीत: आपत्कालात नर्स रिस्ट्रेंट लावू शकते, पण ऑर्डर लगेच घ्यायची आणि तासाभरात प्रत्यक्ष तपासणी. हिंसक वर्तनासाठीच्या ऑर्डरची मुदत प्रौढांना ४ तास, ९ ते १७ वर्षं २ तास, ९ च्या आत १ तास. ‘गरज पडल्यास बांधा’ अशी आगाऊ ऑर्डर नसते. दोरी पलंगाच्या चौकटीला, बाजूच्या कठड्याला नव्हे. गाठ एका झटक्यात सुटणारी. इच्छेविरुद्ध दाखल झालेल्या पेशंटलाही, तातडीचा धोका नसेल तर, औषध नाकारण्याचा हक्क असतो, आणि हे उत्तर आपल्या लोकांना नेहमी विचित्र वाटतं. कोणाला मारायची धमकी पेशंटने दिली तर गोपनीयतेला अपवाद. त्यामागे कॅलिफोर्नियातला १९७६ चा तारासॉफ खटला.

इंग्लंडसाठी मेंटल हेल्थ अ‍ॅक्ट १९८३, कलम ५(४): आधीच दाखल असलेल्या पेशंटला मानसिक आरोग्याची नर्स सहा तासांपर्यंत थांबवून ठेवू शकते.

९. पोस्टिंग अजून बाकी असेल तर

ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे आणि राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. बाकीची येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत. वर्षानुवर्षं उपचार घेणारे पेशंट तिथे भेटतात, त्यामुळे टार्डिव्ह डिस्किनेसिया पुस्तकाऐवजी प्रत्यक्ष बघता येतो. किमान एक पूर्ण मेंटल स्टेटस एक्झामिनेशन (पेशंटच्या मनःस्थितीची पद्धतशीर तपासणी) स्वतः करा. ओपीडीत लिथियमचे रिपोर्ट कसे वाचतात ते विचारा. फाइलमध्ये पेशंटचं खरं नाव लिहू नका, मोबाइल वॉर्डात काढू नका. पेशंटने फोन नंबर मागितला तर देऊ नका. नम्रपणे नकार कसा द्यायचा हा परीक्षेतलाही प्रश्न आहे.

१०. कागदपत्रं, आणि त्यातली सायकियाट्री

- पासपोर्ट
- महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलचं चालू नोंदणी प्रमाणपत्र आणि परदेशासाठी गुड स्टँडिंग सर्टिफिकेट
- सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, डिप्लोमा किंवा पदवी
- कॉलेजने मोहोरबंद पाठवायची ट्रान्सक्रिप्ट, तासांसकट
- लागू असेल तिथे इंग्रजी परीक्षेचा निकाल

नावाचा घोळ आपल्याकडे नेहमीचा. नोंदणी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या, मधलं नाव एकात वडिलांचं आणि दुसऱ्यात नवऱ्याचं. परीक्षेच्या नोंदणीतलं नाव पासपोर्टशी जुळलं नाही तर केंद्राच्या दारातून परत पाठवतात आणि फी बुडते. अर्ज करण्याआधी सगळीकडे एकच नाव करून घ्या, राजपत्रातला बदल आणि विवाह प्रमाणपत्र जोडून.

दुसरा घोळ उशिरा कळतो. अमेरिकेसाठी कागदपत्रं तपासणारी संस्था सायकियाट्रिक नर्सिंगचे थिअरीचे आणि क्लिनिकलचे तास वेगवेगळे मागते, आणि न्यूरॉलॉजी वॉर्डातले तास त्यात धरत नाही. काही राज्यं त्यापुढे जाऊन थिअरी आणि क्लिनिकल एकाच काळात झालं होतं का ते बघतात. कॅलिफोर्निया त्यात कडक आहे. दुसऱ्या वर्षी वर्ग झाले आणि पोस्टिंग पुढच्या वर्षी ढकललं गेलं असेल तर राज्य निवडतानाच हे लक्षात घ्या. ट्रान्सक्रिप्ट मोहोरबंद होण्याआधी कॉलेजच्या कार्यालयात बसून त्या दोन ओळी स्वतः वाचा: सायकियाट्री, थिअरी किती तास, क्लिनिकल किती तास, कोणत्या तारखांना. एकदा लिफाफा गेला की दुरुस्तीची ट्रान्सक्रिप्ट पुन्हा मागवावी लागते, आणि तोवर सगळा अर्ज अडकून राहतो.